मेलेल्या पिस्तुलाचं तेलपाणी

घ्या की हातात, भिऊ नका, काही होत न्हाई त्याच्यानं... होणारच न्हाई, तशी बराबर तजवीज करून दिलीय सरकारानं! नळीला बाजूनं भोक पाडलंय, पाहिलं का? अन् हा घोडा, हा वर उठायचा, तो जागीच जोडून टाकलाय. तुमी पुण्याहून एवढ्या लांब आमच्या तांड्यावर जुनं पिस्तूल बघायला आले, जमवता म्हणे असली हत्यारं, अन् हे बघून तोंडं उतरली तुमची... तुम्हाला सांगतो, माझं तर कवाचंच उतरलंय. तेलानं घात केला हो. निस्त्या तेलानं.

आमचा पणजा रतनसिंग. बैलांवर गोण्या लादून पलटणीला धान्य पोचवायचा. कोण्या गोऱ्या साहेबानं जाताना खूश होऊन हे दिलं त्याला. त्यानं कधी उडवलं का? कशाला उडवतो! खंडेनवमीला पाटावर मांडायचं, शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा अन् पुन्हा फडक्यात. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर खाऊन घोडा जाम, नळीत असा गंज की मुंगी शिरली तर माघारी फिरंल.

मग हिंगोली जिल्हा झाला त्या साली निवडणुका लागल्या अन् ठाण्याचा जमादार आला. माणूस चांगला, ओट्यावर बसून चहा प्याला. म्हणतो, "फुलसिंग, घरात पिस्तूल हाय म्हणे, जमा कर." म्या म्हणलं, साहेब, मेलेलं हाय ते. "ते तू नको सांगू, तपासणारा सांगंल. दुरुस्त करूनबी उडणार न्हाई असं ठरलं, तर खुशाल देवापाशी ठेव. पण दुरुस्त होण्याजोगं निघालं तर ते हत्यार. अन् हत्याराला लायसन."

म्हंजे गंज हेच आमचं लायसन होतं की! मला समजलं, माझ्या बायकोला, जिवनबाईला समजलं, पण बाला कुणी समजावलंच न्हाई. आमचा बा, देवला, थकलेला, दारात बसून राहायचा. त्यानं एवढंच ऐकलं की रतनसिंगाचं पिस्तूल सरकारदरबारी जाणार. आता आमच्यात कसं हाय, बैल बाजाराला न्यायचा तरी शिंगं घासून, तेल लावून नेत्यात. मळकं लेकरू साहेबापुढं नेता का तुमी? बा दिवसभर बसला. चिंचेचं पाणी, राख, काथ्या, अन् मग करडीचं तेल... घोड्यात थेंब थेंब सोडून राहिला, अन् लेकराच्या टाळूवर जिरवावं तसा अंगठ्यानं जिरवून राहिला. जिवनबाईला वाटलं, एवढ्या पिढ्यांचा गंज काय निघतोय, म्हातारा रमलाय, रमू द्या. म्या वारंगा फाट्याहून आलो तर फडक्यात गाठ मारून वर हळदकुंकू. म्हणला, "पुजून बांधलंय, सोडायचं न्हाई." न्हाई सोडलं.

कचेरीत तपासणारा चष्मेवाला. म्या म्हणलं, साहेब, मेलेलं हाय ते. त्यानं गाठ सोडली... अन् नवरदेवावानी चमकलं हो! त्यानं घोडा वर घेतला, चाप ओढला. खट्ट.

"हे मेलेलं?"

"साहेब, कालपर्यंत मेलेलं होतं."

"मग आज कसं उठलं?"

"बानं तेल दिलं."

पुन्हा खट्ट. म्हणतो, "छान ठेवलंय हो. थोडक्यात दुरुस्त होईल." जन्मात पहिल्यांदा सरकारानं आमच्या घरच्या वस्तूची तारीफ केली, अन् त्या तारिफेवरच पिस्तूल गेलं मालखान्यात, कुलपाआड. तेलानं घात केला हो.

लायसन मागाया गेलो. "जिवाला धोका हाय का?" न्हाई, साहेब. "मग पिकाला रानडुकरं?" न्हाई, पूजेला. "पूजेला लायसन न्हाई." आता धोका कुठून आणू म्या?

अन् बाला काय सांगावं? दसरा आला की पाट मांडायचा, शेंदूर कालवायचा अन् रस्त्याकडं बघत बसायचा. "आलं का रं?" "निवडणूक हाय, बा." निवडणुका काय, सरत्यात का? एक झाली की दुसरी. पण एका दसऱ्याला तांड्यातल्या कुणीतरी खरं सांगून टाकलं, तुझ्या तेलानं अडकलं म्हणून. तवापासून म्हाताऱ्यानं तेलच सोडलं. डोक्याला लावू देईना, ठणकत्या गुडघ्याला लावू देईना. "माझा हात वाईट हाय" म्हणायचा. पिस्तुलाचं सोडा हो, मला ते वाक्य ऐकवत नव्हतं.

शेवटी एका साहेबाला दया आली. "नळीला भोक पाडू, घोडा जोडून टाकू, मग ते हत्यार राहत न्हाई, घेऊन जा." तुमाला वाटतं म्या काहून व्हय म्हणलं? बा खाटेला लागला होता. त्याच्या हातात द्यायचं होतं, कसंबी. पिस्तूल आलं खंडेनवमीला. बा गेला घटस्थापनेला.

अंघोळ घालताना लोकांनी तेल मागितलं. म्या दिलं, म्हणलं, गुडघ्याला म्या लावतो. अंगठ्यानं चांगलं जिरवून लावलं, तो लावायचा तसं. लई वेळ लावलं... काही हललं न्हाई.

काय म्हणता? गंज चढून राहिलाय, तेलाचं बोट फिरवू का? नका हो, ठेवा ती बाटली पिशवीत. आता कुठं कायद्यानं मेलंय बिचारं. पुन्हा उठलं अन् धरून नेलं, तर दसऱ्याला वाट बघायला बा बी न्हाई आता.