टिटवीच्या पायऱ्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, हवाई दलातून निवृत्त झालेले आजचे प्रमुख पाहुणे, आपल्या मंडळाचे सचिव, आणि घरच्यांची बोलणी खाऊनही संगणकावर नेमानं विमानं उडवणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

सचिवांनी माझं इतकं कौतुक केलं, की क्षणभर मला वाटलं, मी हयात नाही. पुष्पगुच्छाबद्दल आभार. मागच्या फलकावर लिहिलं आहे, 'निर्मिती गटाच्या प्रमुख स्वेच्छेने निवृत्त होत आहेत.' अक्षर सुरेख आहे. मजकूर खोटा आहे. मला काढलं आहे. काढल्यावर चहा-बिस्किटं देऊन निरोप देतात, हा तुमचा चांगुलपणा.

नव्या सभासदांना हे माहीत नसेल, म्हणून सांगते. टिटवी हे आपण सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावरच्या उड्डाणाच्या खेळासाठी बनवलेलं लष्करी विमान. कोणत्याही देशाच्या हवाई दलात ते नाही आणि कधी नव्हतं. एक इंजिन, एक वैमानिक. काम काय? सरहद्दीवरच्या एकाकी चौकीजवळ, दगडगोट्यांत उतरायचं आणि पुन्हा उडायचं. मी पंपांच्या कारखान्यात जन्मभर आरेखनं केली. वजन कुठे पडतं, नळी कुठून जाते, बोल्ट सोडवायला हात आत शिरतो का, हे पाहायची मला सवय. टिटवीही तशीच काढली. पडद्यावर कधीच दिसणार नाहीत त्या टाक्यासुद्धा मापात काढल्या. रंगकाम आपल्या रंगाऱ्याचं. तो तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला आहे. पत्र्यावर उडालेला चिखल रंगवावा तर त्यानंच.

विमान तयार झालं. सगळ्यांनी पाठ थोपटली. त्याच सुमारास माझी थोरली बहीण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्याकडे राहायला आली. गुडघा झाल्यापासून तिला जगात फक्त पायऱ्या दिसतात. माझ्या मागे खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "काय गं, हा मेला वैमानिक एवढ्या उंच चढतो कसा?"

मी म्हटलं, "ताई, तो आतच असतो."

"आतच असतो म्हणजे? जन्मल्यापासून?"

"खेळ सुरू केला की तो बसलेलाच असतो."

"आणि त्या चौकीवर उतरल्यावर? पोराला लघवीला जायचं झालं तर?"

हसा, हसा. मलाही हसू आलं, पण दोन दिवसांनी. ही चूक आपल्यासारख्यांच्याच हातून होते. आपण विमानात कधी चढतच नाही ना! शिडी आणून लावायला जिथे माणूस नाही, अशा जागेसाठी आम्ही विमान बनवलं, आणि वैमानिकाला त्यात कायमचं कोंडून ठेवलं.

मग मी विमानाच्या डाव्या कुशीत घडीच्या पायऱ्या बसवल्या. पायऱ्यांना कप्पा हवा. कप्प्याच्या जागी पुढची टाकी होती. ती मागे सरकवली. वजन मागे गेलं. आता उतरताना वेग कमी झाला की टिटवी नाक वर करते. हातातली दांडी, म्हणजे स्टिक, पुढे रेटून धरावी लागते. ज्यांनी धरली नाही, ते आपटले. आणि आपटलेल्यांनी कार्यकारिणीकडे तक्रार केली.

अध्यक्ष महोदय व्यवसायानं दंतवैद्य आहेत. माणूस मऊ बोलतो. बैठकीत ते मला म्हणाले, "बाई, पायऱ्या राहू द्या दिसायला. वजन तेवढं जुन्या जागी ठेवा. नाहीतरी खोटंच विमान आहे, कोण बघतंय?"

मी विचारलं, "म्हणजे एकाच कप्प्यात पायऱ्याही आणि इंधनही?"

"तुम्ही फार ताणता बुवा."

होय, ताणते. डॉक्टर, तुम्ही नकली दात बसवता, तेव्हा म्हणता का, की नाहीतरी खोटाच आहे, हिरडीत कसाही घुसवू? खऱ्या विमानाची नक्कल करताना चूक झाली तर ती दाखवायला खरं विमान उभं असतं. आपल्या विमानाला तोही आधार नाही. आपण त्यात जेवढं इमान ठेवू, तेवढंच त्यात असणार. मघाशी चहा घेताना मी पाहुण्यांना विचारलं, की विमान नाक वर करत असेल तर तुम्ही काय करायचात? ते म्हणाले, "स्टिक दाबायचो. तक्रार कुणाकडे करणार, वर?"

अध्यक्ष घड्याळ पाहत आहेत. आटोपतं घेते.

मी टाकी हलवायला नकार दिला म्हणून कार्यकारिणीनं मला काढलं, आणि आता ठरवलं आहे, की मी गेल्यावर टाकी जुन्या जागी न्यायची आणि 'सुधारित' टिटवी मंडळाच्या नावानं द्यायची. तसं होणार नाही. ज्यानं जे बनवलं ते त्याचं, हा आपल्याच मंडळाचा नियम आहे. आरेखनं माझी, वजनं माझी, टाक्या आणि पायऱ्याही माझ्या. त्या सगळ्या मी सोबत नेते आहे. टिटवी मी स्वतः लोकांना देईन, फुकट, आहे अशी. नाक वर करणारी. रंग माझे नाहीत, ते मी इथेच ठेवून जाते. माझं विमान नुसतं राखाडी दिसेल. दिसू दे. मला ब्रश धरता येत नाही आणि उसनवारी जमत नाही.

काय म्हणालास? तिसऱ्या रांगेतून कोण बोललं? उभा राहा आणि मोठ्यानं बोल, मागे ऐकू जात नाही.

"रंगही घेऊन जा, बाई. चिखलासकट."

ऐकलंत अध्यक्ष महोदय? सचिव, लिहून घ्या. नियमानं रंग त्याचे आहेत आणि तो ते देतो आहे. बस रे आता. रडायचं काही कारण नाही. उद्या सकाळी घरी ये. शेपटीवरचा आकडा वाकडा आलाय, तो आधी नीट करू.

मंडळानं मला इतकी वर्षं टेबल, खुर्ची आणि भांडायला माणसं दिली, त्याबद्दल मनापासून आभार. सभागृहाची व्यवस्था पाहणाऱ्यांचे आभार. ताईनं जिना चढून यायचे कष्ट घेतले, तिचेही. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं माफ करा. टिटवीत काही चुकलेलं सापडलं तर मात्र माफ करू नका. घरी येऊन तोंडावर सांगा.