ईयोबाचे पाहुणे

ऑपरेशन थिएटरबाहेर पूर्णिमा बसली होती. तिचा नवरा आत होता. शेजारी रूथआक्का. त्यांच्या लेकाच्या मेंदूतली गाठ काढायला घेतली होती. त्यांना भेटायला गल्लीतले यल्लाप्पा शहाळं घेऊन आले, आणि बाकावर टेकायच्या आधीच सुरू झाले.

“आक्का, तुमच्या घराचं दार दक्षिणेला हाय. मी तवाच म्हणलतो.”

“त्याच दारातनं पोरगं इतकी वर्षं धडधाकट बाहेर पडलं की.”

“मग कुणाचा तरी तळतळाट असंल.”

“यल्लाप्पा, आमच्या बायबलात ईयोब म्हणून एक भला माणूस हाय. त्याची जनावरं गेली, पोरं गेली, अंगभर फोडं आली. तीन दोस्त भेटायला आलं आणि सात दिवस गप बसलं.”

“नुसतं गप? काय उपयोग?”

“तेवढाच उपयोग झाला. मग तोंड उघडलं, आणि म्हणालं, तुझंच कायतरी चुकलं असंल.”

“बरं, खरं कारण काय निघालं?”

“देवानं सांगितलंच न्हाय.”

“पार शेवटपर्यंत?”

“न्हाय. उलट त्यालाच इचारलं, मी पृथ्वीचा पाया घातला तवा तू कुठं हुतास?”

“आणि त्यानं ऐकून घेतलं?”

“घेतलं. निवांत झाला.”

“मला तर झोप लागली नसती, आक्का.”

“मला काल लागली.”

यल्लाप्पांनी शहाळं आक्कांच्या हातात दिलं. पूर्णिमानं डोळे मिटले. तेवढ्यात सिस्टरनं आक्कांना आत बोलावलं, आणि यल्लाप्पा बाकावरून पूर्णिमाकडं सरकले.

“ताई, तुमचं कोण आत?”

“मालक.”

“अरारा! घराचं दार कुणीकडं हाय?”