पापडाच्या डब्यात दबलेलं घर

मंचावर बसलेले साहेब लोक, तायडे साहेबायच्या घरच्या सुनंदाबाई, आमच्या कॉलनीतल्या बायाहो, बाप्याहो, अन् मांगं भिंतीले टेकून उभे असलेल्या लोकायनो. तुमाले सगळ्यायले माहा नमस्कार.

मी कौसल्या. तिसऱ्या बिल्डिंगमधली, तळमजल्यावरची. मले बोलता येत नाही असं आजवर कोणी म्हटलं नाही. माह्या सुनेले, मंदाले विचारा. पण आज जीभ जड झाली आहे. तायडे साहेब जाऊन चार दिवस झाले, पण कुठून सुरू करावं ते समजत नाही. म्हणून दुपारी मी मंदाले म्हटलं, बाई, मी सांगते, तू लिही. तिनं लिहून घेतलं. हा पाहा कागद माह्या हातात. आता तुमी म्हणसान, आजी, तुमाले तर अक्षर ओळखता येत नाही, मंग कागद कायले धरला?

साहेबायनंच शिकवलं. ते म्हणत, "आजी, माइकसमोर गेल्या की हातात कागद धरायचा. लोक गुमान ऐकतात."

मी म्हटलं, "पण मले वाचता कुठी येते?"

"लोकायले काय माहीत? आमच्या हापिसात बी अर्धे लोक न वाचताच कागद धरतात."

हसा, हसा. साहेब लोकायनो, तुमी बी हसा. त्यायले चाललं असतं.

अरुण तायडे साहेब सरकारी घरायच्या हापिसात होते. राहणं अकोल्याले, नोकरी अमरावतीले. रोज जाणं, रोज येणं. त्यायच्या टेबलावर पाटी होती. मंदानं वाचून दाखवली, "जनसंपर्क अधिकारी." मी साहेबायले विचारलं, म्हणजे करता काय तुमी? ते म्हणाले, "आजी, घर बांधणारे काय म्हणतात ते घर घेणाऱ्यायले समजावून सांगतो. अन् घर घेणारे काय म्हणतात ते बांधणाऱ्यायले."

मी म्हटलं, "म्हणजे सासू-सुनेच्या मधात सापडलेला पोरगा."

त्या दिवसापासून हापिसात कोणी काम विचारलं की ते हेच सांगत. माहं नाव न घेता. चोर माणूस.

आता मेन गोष्ट सांगते. आज ज्या घरात मी राहते, ते घर माह्या हातून गेलंच होतं. ते कसं वाचलं ते सांगते.

तवा आमी नाल्याकाठी भाड्याच्या खोलीत राहत होतो. मी शाळेच्या फाटकापाशी बोरं अन् चिंचा विके. मंदानं एका सेंटरवर जाऊन माह्या नावानं घराचा फॉर्म भरला होता. मंग एक दिवस पोस्टमन आला. लांब पाकीट, जाड, गुळगुळीत कागद. मंदानं वाचलं. वाचता वाचता तिचं तोंड उतरलं.

म्हटलं, काय लिहिलं वं?

ती म्हणाली, "आत्याबाई, लिहिलं आहे, तुमचं नाव सोडतीत निघालं."

म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे यादीतून काढलं. सोडलं."

आता सांगा, आमची काय चुकी? आमच्याकडे सोडलं म्हणजे सोडलं. नवऱ्यानं बायकोले सोडली, तिले सोडचिठ्ठी दिली. गाडीनं आपल्याले सोडलं, आपण फलाटावर राहिलो. आन् हे वरून चिठ्ठी पाठवून राहिले, सोडतीची! मी म्हटलं, जाऊ दे मंदे, एवढ्या मानानं सोडलं, जाड कागदावर. आपल्या माणसायनं सोडलं तवा तेवढं बी नव्हतं.

कागद चांगला होता. फेकवला नाही. मी तो पापडाच्या डब्यात तळाशी अंथरला. वर उडदाचे पापड रचले. झालं.

आता कोणी म्हणेल, कोणाले तरी विचारायचं न. कोणाले विचारायचं? हापिसात गेलं की चपराशी म्हणते, खिडकीवर जा. खिडकी म्हणते, फलकावर वाचा. फलकाले मी काय विचारू?

मंग काही दिवसांनी शाळेच्या मैदानात मंडप पडला. घरांच्या हापिसाचा मेळावा. फाटक बंद केलं, माहा धंदा बसला. म्हटलं, सावली आहे, चहा आहे, बसू आतच. टोपलं घेऊन मांगच्या रांगेत बसली. एक मोठे साहेब बोलले. सदनिका म्हणाले, सोडत म्हणाले, स्वीकृती का काय म्हणाले. माह्या शेजारची बाई म्हणे, "हे सदनिका कोण वं? त्यायची बायको का?" मी म्हटलं, असंल, लय वेळा नाव घेऊन राहिले.

मंग तायडे साहेब उभे राहिले. थोडंसंच बोलले. अन् बोलून झाल्यावर गप उभे राहिले.

लोकायनो, हे नीट ऐका. त्यायची काम करायची तऱ्हा वेगळी होती. दुसरे म्हणतात, "कोणाला काही शंका?" अन् तोंड बंद व्हायच्या आत "धन्यवाद" म्हणून माइक सोडतात. तायडे साहेब थांबत. हात मांगं बांधून, पायाकडे पाहत. पुढचे लोक चुळबुळ करत. मोठे साहेब घड्याळ पाहत. हे थांबलेलेच. पुढच्या रांगेतल्यायले विचारायचं असते तवा ते लगेच विचारतात. मांगच्या बाईले पदर सावरावा लागते, शेजारणीकडे पाहावं लागते, धीर जमा करावा लागते. तिले टाइम लागते. तेवढा टाइम हा माणूस उभा राहे.

त्या दिवशी मोठे साहेब म्हणाले बी, "चला तायडे, आटपा." माइक चालू होता, सगळ्यायनं ऐकलं. साहेब हलले नाही. मले तर ते गप राहणं सहन होईना. माह्या तोंडून निघूनच गेलं.

"काहून हो साहेब, ज्यायले तुमी सोडलं त्यायचं काय?"

सारा मंडप मांगं वळला. साहेब म्हणाले, "कोणाले सोडलं, आजी?"

"मले! चिठ्ठी आली न घरी. सोडतीची."

ते मंचावरून खाली उतरले. खुर्च्यायच्या मधातून माह्यापर्यंत आले. हळू आवाजात म्हणाले, "ते चिठ्ठी कुठी आहे?"

"पापडाच्या डब्यात. खाली."

लोक हसले. साहेब हसले नाही. ते म्हणाले, "चला."

मले स्कूटरवर बसवून खोलीवर आले. डबा काढला, पापड परातीत ओतले, कागद हाती घेतला. तारीख पाहिली. अन् उंबऱ्यावर बसूनच गेले. म्हणाले, "आजी, तुमाले सोडलं नाही. तुमचा नंबर लागला. उद्या पाच वाजेपर्यंत कागदं नाही दिले तर घर दुसऱ्याले जाते. तुमचं घर पापडाखाली दबून होतं न बाप्पा."

मंदा रडायले लागली. मी काय करणार, मी पापड भाजले. त्यायनं दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी खिडकीवरचा बाबू म्हणे, पत्र तेलकट आहे, चालणार नाही. साहेब मांगं उभे होते. म्हणाले, "तेल पापडाचं आहे, अक्षरं आपल्या हापिसाचे आहेत. तेवढेच वाचा." मी अंगठा दिला. तोवर जीव माह्या अंगठ्यातच होता.

घर वाचलं. पण साहेबायची झोप उडाली. एवढी एकच आजी चिठ्ठी पापडाखाली ठेवते का, म्हणाले. ज्यायनं कागदं दिले नव्हते त्यायच्या घरी हिंडले. आमच्याच मोहल्ल्यात अजून चार घरं निघाले "सोडलेले". एकानं चिठ्ठी फाडली होती. एकीनं देवापुढं ठेवून रोज हात जोडणं चालू केलं होतं, की देवा, सोडलं तर सोडलं, पुढच्या वेळी तरी घे.

मंग साहेबायनं काय केलं? पुढचं पत्रक निघालं त्याच्यावर "सोडत" शब्दच ठेवला नाही. लिहिलं, "घरासाठी चिठ्ठ्या निघाल्या. तुमचा नंबर लागला का पाहा." सदनिका काढली, घर लिहिलं. वरच्यायले न विचारता.

वरचे बोलले, ही काय शासनाची भाषा आहे? साहेब म्हणाले, "शासनाले घर नको आहे न. बाईले पायजे."

अन् मले घेऊन गेले आवाज भरायले. भोंग्याचा ऑटो फिरणार होता, अमरावतीतून, नांदगाव खंडेश्वरले, अंजनगावले. म्हटलं, साहेब, मले वाचता येत नाही. ते म्हणाले, "म्हणूनच तुमी पायजे. जे तुमच्या डोक्यात राहीन ते लोकायच्या राहीन." एक एक वाक्य त्यायनं म्हणायचं, मांगून मी म्हणायचं. जे मले आठवे ना ते साहेब खोडून टाकत. शेवटी मी आपल्याच मनानं जोडलं, "अन् कागद पापडाच्या डब्यात ठेवू नका बाप्पा!" माइकवाला म्हणाला, हे कापू का? साहेब म्हणाले, बाकी कापलं तरी चालते, हे राहू दे.

अंजनगावच्या बाजारात माह्या भाच्यानं ऐकलं. घरी येऊन म्हणे, मामी, तुमी तर भोंग्यातून ओरडून राहिल्या. म्हटलं, घरात ओरडते ते फुकट जाते. तिथं सरकारनं बोलावलं.

आता एक गोष्ट, जे मले परवा कळली. सुनंदाबाई, तुमी सांगितली, म्हणून सांगते. राग नका धरू.

सोडत शब्द काढल्यापायी साहेबायले नोटीस आली होती. मजकूर विनापरवानगी काहून बदलला, खुलासा द्या. साहेबायनं खुलासा दिला, अन् पुरावा म्हणून माह्या तेलकट चिठ्ठीची झेरॉक्स जोडली. माह्या पापडाचा डाग सरकारी फाइलीत लागला पाहा. खुलाशावर कोणी काही बोललं नाही. पण त्या साली बढतीच्या यादीत त्यायचं नाव नव्हतं. पुढच्या साली बी नव्हतं. हापिसात ज्या खुर्चीवर मी त्यायले पाहिलं, त्याच खुर्चीवरून ते रिटायर झाले.

ज्या दिवशी यादी लागली त्या दिवशी घरी येऊन म्हणाले म्हणे, "सुनंदा, यंदा मले बी सोडलं. पापड भाज." अन् हसले.

हा माणूस इतके साल माह्या घरी चहा पिऊन गेला. मले एक शब्द बोलला नाही. मी त्यायले चिडवो, साहेब, तुमी मोठे साहेब कधी होणार? तर म्हणत, "मोठ्या साहेबायले मांगची रांग दिसत नाही, आजी." मले वाटे, माणूस मजाक करून राहिला.

दिवाळीनंतर मी अन् मंदा अकोल्याले गेलो त्यायले पाहाले. पलंगावर पडून होते. बारीक झाले होते. मी इकडचं तिकडचं बोलली, नळ, पार्किंगचं भांडण, मंदाची गाऱ्हाणी. बोलणं संपलं. ते गपच. म्हटलं, साहेब, काहून गप आहे?

म्हणाले, "वाट पाहून राहिलो. तुमी काही विचारसान म्हणून."

मंग मी विचारलं. म्हटलं, भेव वाटते का?

म्हणाले, "भेव नाही. पण मांगच्या रांगेत बसल्यासारखं वाटते. पुढं काय सांगून राहिले, बराबर ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "मंग हात वर करा न. विचारा जोरात."

हसले. सुनंदाबाई, तुमी स्वयंपाकघरातून पाहाले आल्या होत्या, कायचं हसणं म्हणून. हे त्याचं होतं.

मले लय दुःख आहे, असं मी म्हणणार नाही. माणूस खोटं बोलला नाही, कोणाचं घर खाल्लं नाही, हसत गेला. अशा माणसासाठी छाती पिटली तर तोच म्हणेल, आजी, पत्रक सोपं करा. सकाळी मी माह्या दाराचं कुलूप काढते, तवा त्यायची आठवण येते. घराची किल्ली हाती असलेल्या बाईले रडत बसायचं कारण नाही.

पण मंचावरच्या साहेबायनो, एक गाऱ्हाणं आहे. नव्या घरांचं पत्रक निघालं. मंदानं वाचलं मले. त्याच्यात पुन्हा सोडत आहे. पुन्हा सदनिका आहे. माहं म्हणणं एवढंच, इथं फोटोले हार घातला, चांगलं केलं. पण तो शब्द बदला. नाही तर परत कोणाच्या तरी पापडाखाली घर दबून राहीन, अन् आता स्कूटर घेऊन येणारं कोणी नाही.

तायडे साहेब, वय पाहिलं तर रांगेत मी तुमच्या पुढं होती. नंबर तुमचा आधी लागला. जा बाप्पा. पण त्या शब्दाचा एक अर्थ मले आज पटला. आमी तुमाले सोडत नाही.

आता म्हणतात दोन मिनिटं शांत उभं राहायचं. माहं ऐका, घड्याळ पाहू नका. साहेब पाहत नव्हते. हात मांगं बांधा, पायाकडे पाहा, अन् थांबा. मांगं भिंतीपाशी कोणी बाई असंल, तिच्या मनात काही असंल, तर तिले टाइम द्या.

मी कागद खाली ठेवते. उलटा धरला होता का, मंदे?

उभे राहा सारे. अन् गप.