लहूचं नाक आणि अंकुशची तीस वर्षं

मंडळी, ऐका. आज आधी प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका. मागच्या सप्ताहात एकानं लगेच दिलं होतं, त्याचं अजून संपलेलं नाही.

प्रश्न असा — कुणी आपल्याला दुखावलं. जखम भरली, खपली पडली. तरी ती दाखवत फिरायचा हक्क माणसाला किती वर्षं असतो?

कराडच्या अलीकडं एक गाव. तिथं दोन भाऊ, लहू आणि अंकुश पिसाळ. लहू बारा वर्षांचा, अंकुश नऊचा. विटीदांडू खेळताना अंकुशच्या हातून दांडू सुटला आणि बसला तो थेट लहूच्या नाकावर. रक्त आलं, सूज आली. आईनं हळद लावली, आठ दिवसांत नाक होतं तसं झालं. विषय संपायला हवा होता.

पण पुढच्या वर्षी ते नाक वाकडं झालं. लहू घरी आबांना, म्हणजे वडिलांना, म्हणाला, "अंकुशचा जुना मार वर आला." झालं! तेव्हापासून लहूला काही हवं असलं की तो बोलायचा नाही. नुसता नाकाला हात लावायचा. अंकुश उठायचा. म्हशी धुवायचा, शेण काढायचा. वाटणीत विहिरीकडची पट्टी लहूला गेली — वकील नाही, तलाठी नाही, एक बोट! पुढं अंकुशला कोल्हापूरच्या फाउंड्रीत नोकरी लागली. पत्र आलं, ट्रंक भरली. लहू दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं नाक चोळलं. अंकुशनं ट्रंक रिकामी केली.

हसताय? हसा. अंकुश हसला नाही.

आता त्या नाकातून वारा जाईना. झोपेत लहूचा श्वास थांबायचा, बायको सुशीला त्याला हलवून जागं करायची. गावच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून घ्या. लहू पाच वर्षं टाळत राहिला. म्हणे, "देवानं दिलेला देह कापायचा कसा?" मंडळी, हा माणूस दर रविवारी नखं कापत होता. अडचण देहाची नव्हती. नाक सरळ झालं तर हात कशाला लावायचा, ही होती.

शेवटी अंकुशच त्याला घेऊन निघाला. एसटीत म्हणाला, "दादा, तुझं नाक सरळ झालं की मी सुटलो बघ. रोज सकाळी तुझं तोंड बघितलं की मला तो दांडू दिसतोय."

लहू खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

दवाखान्यात सरनाईक डॉक्टरीणबाईंनी केसपेपर काढला. "नाकाला मार केव्हा केव्हा लागला?"

अंकुशच बोलला, "मी मारला, मॅडम. नऊ वर्षांचा होतो. माझं नाव लिहा."

"तुमच्या नावाला रकाना नाही." बाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला. "आणि हे एका माराचं काम नाही. पेशंटला बोलू द्या. खरं सांगा. काय काय मोडलंय ते धरूनच मला सरळ करायचंय."

आता बघा. खोटं सांगायला वेळ किती लागतो? तीस वर्षांचं तोंडपाठ होतं. पण शेजारी भाऊ बसलेला, आपलंच नाव लिहून घ्या म्हणणारा.

लहू म्हणाला, "दांडूचा मार आठ दिवसांत बरा झाला. तो धरू नका."

"मग?"

"पुढच्या वर्षी म्हशीनं डोकं हाणलं. आबा नको म्हणत असताना तिच्या पाठीवर बसायला गेलो होतो. नाक तेव्हा वाकलं. आबांच्या भ्यानं याचं नाव सांगितलं."

बाईंनी लिहिलं — म्हैस. "आणखी?"

"लग्नाच्या बस्त्याला गेलो, तिथं दुकानाचं दार काचेचं होतं."

बाईंनी तेही लिहिलं.

अंकुश लहूकडं वळला. म्हणाला, "मग मी कोल्हापूरला का नाही गेलो?"

मंडळी, हे आख्यान मी चार गावांत सांगितलंय, याचं उत्तर कुठल्याच गावात मिळालं नाही.

बाईंनी संमतीचा कागद पुढं केला. नातेवाइकाची सही हवी होती. अंकुशनं पेन घेतलं आणि नात्याच्या रकान्यापाशी थांबला. इतका थांबला की बाईंनी पुढचा पेशंट आत घेतला. मग त्यानं 'भाऊ' असं लिहिलं, सही केली, उठला. "ऑपरेशनला वहिनींना घेऊन ये. उद्यापासून म्हशी तू बघ." आणि एकटाच स्टँडकडं चालू लागला.

ऑपरेशन झालं. पट्ट्या निघाल्या, जखम भरली. तीस वर्षांनी लहूनं दोन्ही नाकपुड्यांनी श्वास घेतला आणि तो गोठ्याकडं गेला. शेणाचा, मुताचा, सडक्या वैरणीचा वास अंगावर आला. लहू दारातच थांबला. आपला भाऊ रोज कशात उभा होता, ते त्याला त्या दिवशी कळलं.

विहिरीकडची पट्टी त्यानं अंकुशच्या नावावर केली. पट्टी परत देता आली. तीस वर्षं कुठल्या कचेरीत परत मिळतात? गोठ्याचं उरकलं की तो अंकुशच्या दारात जाऊन उभा राहतो. अंकुश 'ये' म्हणत नाही. 'जा' पण म्हणत नाही. लहू दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो.

आता तुमच्याकडं वळतो. माना खाली घालू नका, मला इथून सगळं दिसतं. सून पहिल्या दिवाळीत उलटून बोलली, भाऊ बारशाला आला नाही — किती वर्षं वापरताय ते? आणि त्यातला मार त्यांचा किती, आपल्या म्हशीचा किती?

प्रसादाचा शिरा तयार आहे. पण कुणाला आधी घरी जाऊन खरं सांगायचं असेल, त्यानं उठावं. त्याच्या वाटणीचा झाकून ठेवायला सांगितलंय. टाळकऱ्यांनो, तुम्हीही जाऊ शकता. मी डोळे मिटून नाम घेतो, म्हणजे कोण उठलं ते मला दिसायचं नाही. ज्याचं नाम घेतोय, त्याला दिसेल.