सगळं मालावर असतं

...नाही, तुम्ही मला सांगा, धुळवडीच्या दिवशी सकाळी साडेदहाला, अंगात भोकं पडलेला बनियन, हातात रंगाची पुडी, आणि समोर उभा राहून एक माणूस तुम्हाला भांगेवर व्याख्यान देतोय, तर तुम्ही काय कराल? उठून जाल. मला उठता येत नव्हतं, कारण तो माणूस माझ्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. निलेश. वय छत्तीस, घर मुलुंडला, आणि पडीक कायम आमच्याकडे, मरोळला. ह्याला सगळ्यातलं सगळं कळतं. मागच्या वर्षी कॉफीतलं कळत होतं, त्याआधी गाद्यांमधलं. यंदा भांग.

"भावजी," म्हणे, "लोकांना वाटतं जास्त प्यायलं की जास्त चढतं. साफ चूक. सगळं मालावर असतं."

आणि सुरू झाला. झाड कुठलं, त्याला ऊन किती मिळालं, नुसतं पान म्हणजे भांग, ती सौम्य, वरचे तुरे घेतले की गांजा, तो कडक, डबा उघडा राहिला, हवा लागली की जोर गेला, फोनवरून टक्केवारी वाचून दाखवतोय मला, जशी काही ह्याची बारावीची मार्कशीट! बरं, पोटात गेली की तासभर काहीच होत नाही, माणूस 'चढत नाही, चढत नाही' करत दुसरा ग्लास मारतो आणि तिथे त्याची वाट लागते. दुधात साय पाहिजे म्हणे. पोट रिकामं की भरलेलं ते बघायचं, संगत कुणाची ते बघायचं, मनात काय चाललंय ते बघायचं. मी म्हटलं, अरे, मग मालावर राहिलं काय? तर माझ्या खांद्यावर हात ठेवून, शाळेतल्या पोराला सांगावं तसं, "भावजी... सगळं मालावर असतं."

तुम्हाला सांगतो, मी भांग कधी घेतली नव्हती. पण आदल्या दिवशी ह्याने वाटलेला हिरवा गोळा आणून आमच्या फ्रिजमध्ये ठेवला होता, मालनच्या कोळंबीच्या शेजारी. सकाळी डबा उघडून माझ्या नाकाला लावला. "वास घ्या. ओरिजिनल आहे." मी घेतला. मला काय कळतंय? हिरवा वास आला. मालन तिकडे कांदा चिरत होती, तिने मान वर केली, डब्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं, परत कांद्याकडे. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पंचवीस वर्षांच्या संसारात ही बाई गप्प बसली की काहीतरी होतंच.

असो. गच्चीवर अख्खी बिल्डिंग. एक ग्लास घेतला. काही नाही. अर्धा तास झाला, काही नाही. निलेश म्हणतो, "थांबा, मागून लाट येईल." दुसरा घेतला. आणि आली हो! कानशिलं गरम, पाय हलके, जीभ सैल. तिकडे निलेश पाण्याच्या टाकीला टेकून बसला, डोळे मिटून, "भावजी, मला रंग ऐकू येतायत..." आणि समोर माईक होता. हा माईक आमच्या सहदेवचा.

सहदेव म्हणजे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आणि माझा बावीस वर्षांचा दोस्त. माझ्या बापाच्या आजारपणात रात्र रात्र हॉस्पिटलात बसलेला माणूस, उगाच नाही सांगत. त्याला एकच खोड, कार्यक्रम कुठलाही असो, हा गातो. आणि मी काय केलं? त्याच्या हातातून माईक घेतला आणि सगळ्यांसमोर बोललो, "सहदेव, तू गायला लागलास की मी पंप बघायला खाली जातो ना? बावीस वर्षं जातोय. पंपाला काहीही झालेलं नाही. पंप उत्तम आहे."

लोक हसले. हसले की माणूस थांबत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या शर्मिष्ठाबाईंना म्हणालो, तुमचे सकाळचे फुलांचे मेसेज मी न बघता उडवतो. आणि मग... मग मालनकडे वळलो. ती पुरणपोळीचं ताट घेऊन उभी होती.

आता आमच्यात शिमगा म्हणजे काय, तुम्ही कोकणातले असाल तर जाणता. मुंबईतला माणूस नोकरी सोडेल, पण शिमग्याला गावी जाईल, पालखी नाचवेल. मालन दरवर्षी विचारते, यंदा माझ्या माहेरी जाऊया? आणि मी दरवर्षी सांगतो, कंपनी रजा देत नाही गं. आणि त्या दिवशी माईकवर, हसत हसत, "मालन, रजा मिळते. दरवर्षी मिळते. मी डबा घेऊन निघतो आणि वर्सोव्याला धक्क्यावर जाऊन बसतो. होड्या बघतो. तुझ्या माहेरी ह्या निलेशसारखे आणखी पाच भाऊ आहेत, मला नाही सोसत."

कुणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी जाग आली ती घामाने. म्हटलं, जयवंत, तू मेलास. दारोदार फिरलो. शर्मिष्ठाबाईंचे पाय धरायचे बाकी ठेवले. सहदेवच्या दारात तर बेल वाजवायला हात उचलेना. त्याने दार उघडलं, बघितलं, आणि म्हणाला, "अरे, भांगेत माणूस काय वाटेल ते बोलतो. तू मनापासून थोडाच बोललास? चल, चहा घे." मला रडू आलं. खोटं नाही सांगत, त्याच्या सोफ्यावर बसून रडलो मी. म्हटलं, सुटलो. भांगेने मारलं, भांगेनेच तारलं.

तसाच हलका होऊन घरी आलो. मालन खाली बसून पालक निवडत होती. म्हटलं, "हे बघ, कालचं मनावर घेऊ नकोस. भांग होती."

ती देठं खुडत होती. मान वर नाही केली. "भांग मी परवा रात्रीच मोरीत धुऊन टाकली. तुमचं बीपी, त्यात ते सोंग माझाच भाऊ. डब्यात पालक वाटून ठेवला होता. पाऊण जुडी लागली. उरलेला हा."

...तुम्ही हसा. मी उभा होतो तिथेच बसलो.

म्हणजे दोन ग्लास दूध आणि पालक! माझी कानशिलं, माझे पाय, ती लाट... सगळं माझं मीच? आणि त्या टाकीपाशी रंग ऐकत बसलेला तो शहाणा, तो काय पालक ऐकत होता? मी उठलो, म्हटलं आत्ताच्या आत्ता फोन लावतो त्या निलेशला, ह्याची टक्केवारी काढतो. फोन हातात घेतला आणि हात थांबला. कारण निलेशला सांगितलं तर तो बिल्डिंगभर सांगणार. बिल्डिंगला कळलं तर सहदेवला कळणार, की जयवंत शुद्धीवर होता, आणि जे बोलला ते मनापासून बोलला. मी फोन ठेवला.

तेव्हापासून निलेश दर रविवारी येतो, गच्चीवर लोक जमवतो, "काय माल होता! भावजींनाच विचारा," आणि मी, आतून जळत, मान डोलवतो. हो बाबा. सगळं मालावर असतं. सहदेव गातो, आणि मी पहिल्या रांगेत बसतो, शेवटपर्यंत. पंप बघायला दुसरा माणूस जातो. पुढच्या शिमग्याच्या रजेचा अर्ज मी आत्ताच टाकलाय. पाच भाऊ स्टेशनवर घ्यायला येणार आहेत.

आणि मालन? ती दर बुधवारी पालकाची भाजी करते, माझ्या ताटात वाढते, आणि शांतपणे म्हणते, "बेताने घ्या हं. चढेल."