दादाच्या आजाराचं नाव

वहिनी, प्राजक्ता, थोरले काका आणि जमलेली सगळी मंडळी. मी सुमन, गेलेल्याची धाकटी बहीण. शाळेत शिकवताना रोज बोलते, पण असं कधी बोलले नाही. मध्ये रडले तर जरा थांबा, पण मला बोलू द्या.

गडमुडशिंगीच्या चौकात फलक लागलाय, अल्पशा आजाराने निधन. डेंग्यूपुरतं ते खरं आहे, चार दिवसांत गेला दादा. पण त्याला आणखी एक आजार होता. दादा डेअरीत दुधाची फॅट मोजायचा; तिथं दूध घालायला येणाऱ्या तुम्हा सगळ्यांना तो आजार माहीत होता, आणि पाठीमागे तुम्ही दादाला काय म्हणायचा, तेही मला माहीत आहे. आजाराचं खरं नाव कुणी घेतलं नाही. मी घेते. स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर.

काल काका म्हणाले, "सुमे, ते नाव काढू नगंस. पोरीचं ठरत आलंय." सोयरीक घेऊन आलेले पाहुणे मागे बसलेत, मला दिसतायत. म्हणून मी प्राजक्तालाच विचारलं. ती म्हणाली, "आत्या, तू बोल. बाबांना लपवून मी कुणाच्या घरात जाणार न्हाय."

मग ऐका, पावणं. हा आजार ओळखायलाच सात वर्षं गेली. दादा खचला की एका डॉक्टरकडे, ते उदासीच्या गोळ्या द्यायचे. तो हवेत गेला, एका दिवसात तीन म्हशींचा सौदा करून आला, की दुसऱ्याकडे. डॉक्टरांना तरी काय बोल लावू? कानात आवाज येतात, हे आम्ही कुठंच सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. शेवटी कोल्हापुरातल्या एका डॉक्टरबाईंनी आम्हाला गप्प केलं आणि त्यालाच विचारलं, मन ठीक असतं, झोप लागते, त्या दिवसांतही आवाज येतात का? दादा म्हणाला, "येतात की. दुधाची फॅट काढताना बी येतात." मग बाईंनी महिनाभर रोजची नोंद ठेवायला लावली, आणि तेव्हा कुठं नाव सांगितलं. आवाजांसाठी एक गोळी, मनाच्या चढउतारासाठी दुसरी, अधूनमधून रक्ताची तपासणी.

आणि मी काय केलं? माझ्या लग्नात पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून त्या गोळ्या मीच धान्याच्या कोठीत लपवल्या. गडबडीत आठ दिवस कुणाला आठवण नाही. दादाही मागायला लाजला. मी सासरी गेले आणि तो दवाखान्यात. ही चूक आजाराची नव्हती, माझी होती.

तरी तो परत उभा राहिला. त्यानंतर अकरा वर्षं डेअरीत फॅट काढली. एकाची तरी चुकली का? सांगा की.

औषध लागू पडल्यावर एकदा आम्ही मळ्यात बसलो होतो. म्हणाला, "सुमे, आज निस्ता मोटरीचाच आवाज येतोय बघ." डोळे भरले होते त्याचे. एवढीशी शांतता, तिच्यासाठी माणूस शेवटपर्यंत गोळ्या घेत राहिला. त्याची आपण लाज बाळगायची?

मी नाही बाळगणार. हे नाव ऐकून ज्यांना उठून जायचंय त्यांनी आत्ताच जावं, माझा राग नाही. पावणं, तुम्हीसुद्धा. बाकीच्यांनी त्या शांततेसाठी दोन मिनिटं उभं राहावं. प्राजक्ता, तू इथं ये, माझ्याजवळ.