गेलेला परवा

जबाब देणार: बेपत्ता बाईची थोरली बहीण. वय ४४ वर्षे. धंदा: तंबू, ताडपत्र्या व बॅगा शिवणे आणि दुरुस्त करणे. राहणार: दुकानाच्या वरच्या मजल्यावर, एकटी.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, बेपत्ता बाई माझी धाकटी बहीण असून तिचे वय ३८ आहे. ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. आम्हाला आईवडील नाहीत. तिच्या लग्नाला चार वर्षे झाली. माझे मेहुणे गाड्यांच्या विम्याच्या कचेरीत काम करतात. त्यांचे घर माझ्या दुकानापासून चालत वीस मिनिटांवर आहे.

तळ्यावर तंबू टाकून तीन दिवस राहायचे, ही कल्पना मेहुण्यांची. आम्ही तिघांनी जायचे ठरले होते. गेल्या महिन्यात ओळीने तीन रविवार आम्ही माझ्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर बसून यादी केली. यादी बहिणीच्या अक्षरात आहे. ती मी हजर केली आहे.

तळ्याला तंबूचे दोन तळ आहेत. अलीकडच्या तळावर रखवालदार, दिवे आणि संडास आहेत. पलीकडच्या तळावर काही नाही. तिथे फोनही लागत नाही, मागच्या टेकाडावर चढले तर रेंजची एखादी कांडी मिळते. बहीण म्हणाली, "अलीकडचाच बरा. संडास तरी आहे." त्यावर मेहुणे म्हणाले, "संडास बघायला तळ्यावर कशाला? घरी आहे की!" आम्ही तिघेही हसलो. यादीवर पलीकडचा तळ लिहिला गेला.

दुसऱ्या रविवारी बहिणीने डोळे पुसायला चष्मा टेबलावर ठेवला. तिचा नंबर फार मोठा आहे. चष्म्याशिवाय तिला समोरच्याचे तोंड दिसत नाही, फक्त रंग दिसतो. मेहुण्यांनी चष्मा उचलून दोऱ्यांच्या डब्यात लपवला आणि मला डोळ्याने खुणावले. बहीण टेबल चाचपू लागली. तिचा हात कात्रीजवळ गेला तेव्हा मी कात्री बाजूला घेतली. मेहुणे म्हणाले, "गार, गार... आता कोमट..." ती म्हणाली, "द्या ना आता. पुरे झालं." त्यांनी बऱ्याच वेळाने दिला. अंमलदारांनी विचारले की मी काय केले. मी हसले.

तिसऱ्या रविवारनंतर, मंगळवारी, बहीण शाळा सुटल्यावर एकटी दुकानात आली. तंबू माझ्याकडे शिवणी पक्की करायला होता. ती म्हणाली, "ताई, माझ्या उशाशी आतून एक खिसा शिवशील? चष्म्यापुरता. दिसायला नको." मी म्हणाले, "तंबूला चोरखिसा? काय सोनं नेतेस की काय?" ती म्हणाली, "रात्री हाताशी असला की बरं. यांना सांगू नकोस, मला हसतील." मी दाराच्या डाव्या बाजूला, तिची उशी येते तिथे, झिपेच्या आतल्या पट्टीमागे खिसा शिवला. पट्टी उचलल्याशिवाय तो दिसत नाही. मी त्याबद्दल कोणाला सांगितले नाही. तिला आणखी काही विचारले नाही.

चालू महिन्याच्या १३ तारखेला, शुक्रवारी सकाळी सहा वाजता ते मला गाडीतून घेणार होते. तंबू मेहुणे ८ तारखेला, रविवारी येऊन घेऊन गेले. म्हणाले, "एकदा अंगणात उभा करून बघतो."

११ तारखेला, बुधवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी बहिणीचा फोन आला. तो बावीस सेकंद चालला. माझ्या फोनमधली नोंद अंमलदारांना दाखवली आहे. त्या वेळी मी ताडपत्रीला किनार मारत होते. मशीन बंद केले नाही. आवाज तुटत होता. मला ऐकू आलेले शब्द असे: "ताई... परवा... तळ्यावर... तू ये." मी म्हणाले, "अगं हो, परवा ना? येते की! एवढी कसली घाई, वरातीला निघालीस का?" ती पुन्हा म्हणाली, "तू ये." मग फोन बंद झाला. मी उलट फोन केला नाही. परवा भेटणारच होतो.

अंमलदारांनी विचारले, "परवा म्हणजे गेलेला की येणारा?" त्या वेळी मी येणारा समजले.

शुक्रवारी मी साडेसातपर्यंत दुकानाच्या पायरीवर बॅग घेऊन बसले. दोघांचेही फोन बंद होते. मग मी त्यांच्या घरी गेले. कुलूप होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, ते सोमवारीच गेले. तुला जमत नाही म्हणून दोघंच जातो, असं तो म्हणाला. तुला माहीत नाही?" मला माहीत नव्हते. बुधवारी सोमवारलाही परवाच म्हणतात. तिचा परवा म्हणजे सोमवार, ९ तारीख.

मी भाड्याची गाडी करून दुपारी बारानंतर पलीकडच्या तळावर पोचले. तंबू उभा होता. मेहुणे पाण्याच्या कडेला बसून ताट घासत होते. ताट एक होते. मला पाहून ते उठले नाहीत. म्हणाले, "ताई, तुम्ही इकडे कुठे? ती तर मंगळवारीच तुमच्याकडे निघाली. थोडी बोलाचाली झाली. रस्त्यापर्यंत चालत जाते, बस पकडते म्हणाली. मी म्हटलं, जा." मी विचारले, "झाडीतून? एकटी?" ते म्हणाले, "लहान आहे का ती?" मग त्यांनी ताट पालथे घातले आणि चहा घेणार का विचारले. मी अलीकडच्या तळावर आले. रखवालदाराने पोलिसांना फोन लावला.

मेहुण्यांनी मंगळवार सांगितला आहे. बुधवारी सकाळी बहीण मला "तळ्यावर" म्हणाली. माझे म्हणणे आहे की ती बुधवारी तळ्यावर होती आणि मला बोलावत होती.

तंबू पोलिसांनी ताब्यात घेतला असून तो या खोलीत घडी करून ठेवला आहे. पंचनाम्यात 'तंबू रिकामा' असे लिहिले आहे, ते मला वाचून दाखवले. मी चोरखिशाची गोष्ट सांगितली. तंबू उलगडला. मला हात लावू दिला नाही. मी जागा दाखवली. महिला अंमलदारांनी पट्टी उचलून दोन बोटे आत घातली. खिशात घडी केलेला एक चष्मा मिळाला. तो माझ्या बहिणीचा आहे. त्याची डावी काडी सैल झाल्यावर मी काळ्या दोऱ्याने बांधून दिली होती. ती गाठ माझी आहे. तंबू ओला होता. खिसा कोरडा होता. त्या शिलाईला मी मेण लावले होते.

चष्म्याशिवाय ती स्वयंपाकघरातून दारापर्यंतसुद्धा भिंत धरून जाते.

जबाब मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. 'परवा' या शब्दापुढे 'म्हणजे सोमवार, ९ तारीख' असे माझ्या सांगण्यावरून घातले. एके ठिकाणी 'प्रयोगशाळेत मदतनीस होती' असे लिहिले गेले होते, ते खोडून 'आहे' करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे.